अमेरिकेत भाड्याची गाडी घेताय? चावी सोडण्याआधी पोच घ्या

मागच्या मे महिन्यात लास व्हेगासला गाडी परत करून आम्ही लेकीकडे न्यू जर्सीला पोचलो आणि अठराव्या दिवशी ईमेल आली. मागच्या बंपरला ओरखडा, 612 डॉलर भरा. करार ह्यांच्या नावावर होता, त्यामुळे ह्यांचा चेहरा एकदम उतरला. मी फोनमधला व्हिडिओ शोधून काढला. नाशिकला सरकारी विमा कंपनीच्या मोटार क्लेम विभागात मी 31 वर्षं होते. गाडी ताब्यात घेताना पंचनामा केल्याशिवाय मला चैन पडत नाही. तोच ओरखडा गाडी घेतानाच्या व्हिडिओत, तारीख-वेळेसकट दिसत होता. चार वेळा पत्रव्यवहार झाला आणि त्यांनी मागणी मागे घेतली. मुलांकडे निघालेल्या ओळखीच्या प्रत्येक जोडप्याला तेव्हापासून तोंडी सांगत आले, आता लिहून ठेवते.

आधी या धंद्याची रीत समजून घ्या, म्हणजे काउंटरवरचा माणूस काय विकतोय ते कळेल. हर्ट्झ या कंपनीचं उदाहरण घेऊ. 1918 साली वॉल्टर जेकब्स नावाच्या तरुणाने शिकागोत डझनभर फोर्ड मॉडेल टी गाड्यांवर हा व्यवसाय सुरू केला, 1923 मध्ये यलो कॅब या टॅक्सी कंपनीचे जॉन हर्ट्झ यांनी तो विकत घेतला. आज विमानतळावर अनेक पाट्या दिसतात, पण मोठी घराणी तीनच. डॉलर आणि थ्रिफ्टी हर्ट्झच्या, बजेट एव्हिसची, नॅशनल आणि अलामो एंटरप्राइझच्या. म्हणून भावांची तुलना करायची तर वेगवेगळ्या घराण्यांची करा.

या कंपन्या गाड्या घाऊक घेतात, काही काळ फिरवतात आणि विकतात. रोजच्या भाड्याइतकाच हिशोब जुन्या गाडीला किती किंमत येते यावर असतो. वापराने गाडीची किंमत घटते, आम्ही ज्याला घसारा म्हणायचो, तोच. 2020 च्या मार्चमध्ये प्रवास थांबला, जुन्या गाड्यांचे भाव पडले, आणि गाड्यांवरच कर्ज उभं असलेल्या हर्ट्झने 22 मे रोजी दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. डोक्यावर जवळपास 19 अब्ज डॉलरचं कर्ज होतं. कंपन्यांनी गाड्या विकून टाकल्या, आणि पुढच्या वर्षी पर्यटक परतले तेव्हा गाड्याच नव्हत्या. हवाईत लोकांनी सामान हलवायचे ट्रक भाड्याने घेऊन सुट्टी काढली. दिवाळखोरीतून बाहेर पडलेल्या हर्ट्झने ऑक्टोबर 2021 मध्ये एक लाख टेस्ला गाड्या घेण्याची घोषणा केली, आणि जानेवारी 2024 मध्ये 20,000 विजेच्या गाड्या विकायला काढल्या, कारण दुरुस्ती महाग पडली आणि किमती घसरल्या. माझं मत असं की, घसाऱ्याने मार खाल्लेली कंपनी तो पैसा काउंटरवरच्या जादा आकारांत आणि नुकसानीच्या बिलांत शोधणार. तिथे आपण सावध राहायचं.

निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. फी 1000 रुपये, मुदत एक वर्ष. मूळ परवानाही बरोबर हवाच. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं असू द्या. डेबिट कार्डावर अनामत अडकवतात, कधी गाडीच नाकारतात.

आता विमा. यात माझी हयात गेली, म्हणून जरा थांबून सांगते. काउंटरवर ‘डॅमेज वेव्हर’ म्हणून जे देतात तो कायद्याने विमा नव्हे. गाडीचं नुकसान झालं तर आम्ही तुमच्याकडे मागणार नाही, असं ते कंपनीचं वचन आहे, आणि वचनाला अटी असतात. करारात नाव नसलेल्या जावयाने गाडी चालवली, की वचन संपलं. कच्च्या रस्त्यावर गाडी नेली, तरी बहुतेक करारांत संपलं. युटा-ॲरिझोना सीमेवरच्या मॉन्युमेंट व्हॅलीचा 17 मैलांचा मातीचा रस्ता पाहून ह्यांचा पाय ब्रेकवर आला, कारण मी आदल्या रात्री करार वाचून दाखवला होता. आम्ही तिथे गाइडच्या जीपने गेलो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे थर्ड पार्टी विमा, आपल्या गाडीने दुसऱ्याला झालेल्या इजेच्या आणि नुकसानीच्या भरपाईचा. आपल्याकडे तो सक्तीचा आहे म्हणून लोक गृहीत धरतात. नेवाडात, म्हणजे लास व्हेगासच्या राज्यात, या विम्याची कायद्याने किमान मर्यादा एका जखमीमागे 25,000 डॉलर आहे. तिथल्या रुग्णालयाचं बिल ज्याने पाहिलंय, त्याला हा आकडा किती तोकडा ते सांगायला नको. गाडी भारतातल्या पत्त्यावरून, कंपनीच्या भारतीय संकेतस्थळावरून बुक केली तर वेव्हर आणि मोठं थर्ड पार्टी संरक्षण अनेकदा भाड्यातच धरलेलं असतं. लेकीने तिच्या अमेरिकन खात्यावरून बुक केलं तर दर स्वस्त दिसतो, पण त्यात हे नसतं. दोन्ही दर शेजारी ठेवून, आत काय धरलंय ते वाचूनच ठरवा. तो कागद छापून न्या. काउंटरवर तेच संरक्षण पुन्हा विकायला निघाले, तर कागद पुढे करा आणि सही करण्याआधी प्रत्येक ओळ विचारा.

आगाऊ पेट्रोल घेऊ नका, टाकी स्वतः भरून द्या आणि पंपाची पावती ठेवा. न्यू यॉर्क-न्यू जर्सी पट्ट्यात टोल कॅमेऱ्याने कापतात, त्यावर कंपनीचा दिवसाचा सेवा आकारही लागतो. तो किती, ते आधीच विचारा.

गाडी हलवण्याआधी दहा मिनिटं द्या. चारी बाजू, छत, चाकांच्या कडा, पुढची काच, आतली सीटं, डॅशबोर्डवरचे मैल आणि इंधनाचा काटा, सगळं एका सलग व्हिडिओत घ्या. अंधार असेल तर गाडी दिव्याखाली न्या. ओरखडा दिसला तर माणसाला बोलावून करारावर लिहून घ्या. 2025 पासून अटलांटासह काही विमानतळांवर हर्ट्झने गाडी तपासायला कॅमेऱ्यांच्या कमानी लावल्या आहेत, आणि बारीकशा खरचटण्याच्या बिलांवरून तक्रारीही झाल्या. यंत्राने टिपलेल्या फोटोसमोर तुमचा फोटो हवा.

मुदत वाढवायची असेल तर फोनवर ‘हो’ मिळालं म्हणून गप्प बसू नका. डिसेंबर 2022 मध्ये हर्ट्झने 364 दावे सुमारे 168 दशलक्ष डॉलर देऊन मिटवले. गाडी रीतसर भाड्याने घेतली असताना चोरीची तक्रार झाली, काहींना अटक झाली, काही तुरुंगात राहिले, अशी त्या लोकांची कैफियत होती. मुदतवाढ आणि कार्डावरची रक्कम यांच्या नोंदींचा घोळ हे त्यातलं एक कारण सांगितलं गेलं. इतक्या मोठ्या कंपनीची नोंद चुकते आणि रस्त्यावर पोलीस माणसाला गाडीतून उतरवतात, हे वाचून मला झोप लागली नव्हती. म्हणून मुदतवाढीची ईमेल नवीन तारखेसह मागून घ्या आणि करारासोबत गाडीतच ठेवा.

परत करताना, विमानतळावर जितक्या आधी पोचायचं असतं त्याच्याही एक तास आधी पोचा. लास व्हेगासला भाड्याच्या गाड्यांचं केंद्र विमानतळापासून लांब आहे, तिथून बसने टर्मिनलला यावं लागतं. माणसासमोर गाडी फिरून दाखवा, ‘नुकसान नाही’ असं लिहिलेली पोच हातात किंवा ईमेलवर येईपर्यंत हलू नका. पहाटे कोणी नसेल आणि चावी खोक्यात टाकायचीच वेळ आली, तर गाडी उभी केलेल्या जागेचा आकडा, मैलांचा आकडा आणि चावी खोक्यात पडताना, असा शेवटचा व्हिडिओ करा. तो निदान सहा महिने पुसू नका.