रुग्ण कॉटवरून पडण्याच्या घटना: या चुका टाळा

मिरजेच्या वॉर्डांमध्ये परिचारिका म्हणून काम करताना एक चूक मला सातत्याने दिसत आली आहे, ती म्हणजे कॉटचे कठडे वर केले की रुग्ण सुरक्षित झाला असे मानणे. गोंधळलेल्या वृद्धाला रात्री लघवीला जायचेच असते. कठडा आडवा आला तर तो त्यावरून चढू पाहतो आणि मग अधिक उंचीवरून पडतो.

जत तालुक्यातून आलेल्या, हृदयविकाराच्या एका आजोबांच्या बाबतीत नेमके हेच घडले. लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइडचे सायंकाळचे इंजेक्शन रात्री नऊच्या सुमारास दिले गेले, दोन्ही कठडे लावले गेले, बेल हाताला न येणाऱ्या जागी भिंतीवर लटकत राहिली आणि सोबतचा मुलगा खाली सतरंजीवर झोपी गेला. मध्यरात्रीनंतर आजोबा कठडा ओलांडताना पडले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. घटनेच्या अहवालात एकच वाक्य होते: ‘सूचना देऊनही रुग्ण स्वतःहून उठला.’ इंजेक्शनची वेळ, बेलची जागा, रुग्णाला शेवटचे लघवीला कधी नेले, यांपैकी काहीही त्यात नव्हते. ज्या माहितीमुळे पुढचा रुग्ण वाचला असता, तीच नेमकी गाळली गेली आणि दोष आजोबांच्या माथी मारला गेला, याचा मला आजही संताप येतो.

तेव्हापासून अशा औषधाचा दुसरा डोस दुपारीच देता येईल का, हे मी राउंडलाच डॉक्टरांना विचारते. रात्री दिवे मंद करण्यापूर्वी ‘काही हवंय का?’ असे विचारण्याऐवजी ‘चला आजोबा, लघवीला जाऊन येऊ,’ असे म्हणते, कारण आपल्याकडची वयस्क माणसे सिस्टरला त्रास नको म्हणून गप्प राहतात. कॉट खाली घेणे, चाकांचे ब्रेक लावणे आणि बेल उशीला बांधणे यांस दोन मिनिटेही लागत नाहीत.

दुसरी चूक म्हणजे मॉर्स स्केलचे, म्हणजे रुग्ण पडण्याचा धोका मोजणाऱ्या तक्त्याचे, गुण आधीच्या पाळीतून उतरवून घेणे. पूर्वी पडल्याचा इतिहास असल्यास 25 आणि सलाईन चालू असल्यास 20 गुण मिळतात. म्हणजे या दोनच गोष्टींनी 45 होतात, आणि अनेक ठिकाणी तिथूनच जास्त धोका मानला जातो. सकाळी चालत आलेल्या रुग्णाला दुपारी सलाईन लागले तरी रात्रीच्या तक्त्यावर सकाळचाच आकडा असतो. नव्या मुलामुलींची ही घाई मला मुळीच मान्य नाही.

चक्कर येते म्हणणाऱ्याचा रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजावा. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला, तर आधाराशिवाय चालू देऊ नये. ओली फरशी आणि पायात येणारे धोतर किंवा लुगडे यांकडेही लक्ष असावे.

पडलेल्या रुग्णाला वॉर्डातल्या मामा-मावशींनी (मदतनीसांनी) लगेच उचलू नये. आधी शुद्ध, मान, डोके आणि खुबा तपासावा. कोणी पाहिलेले नसेल तर डोक्याला मार लागला आहे असेच धरावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे, कारण मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाची लक्षणे काही तासांनी, कधी काही दिवसांनीही दिसू शकतात.

अहवाल त्याच पाळीत लिहावा. इजा झाली नसली तरीही लिहावा. रुग्ण कुठे, कोणत्या स्थितीत सापडला, तो स्वतः काय म्हणाला आणि आधीच्या काही तासांत कोणती औषधे दिली, एवढे त्यात असलेच पाहिजे. एखादी गोष्ट नंतर आठवली तर जुन्या ओळीत खाडाखोड न करता खाली वेळ टाकून नवी नोंद करावी.