पेंग्विन नंतर, आधी रोहित: ऐरोलीच्या खाडीवर जायची तयारी

पोरांना प्राणी दाखवायचे म्हटलं की ठाण्यापासून पनवेलपर्यंत सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव राणीच्या बागेचं. भायखळा गाठायचं, रांग लावायची आणि काचेला नाक टेकवून हंबोल्ट पेंग्विन बघायचे. मूळचे ते पेरू-चिलीच्या किनाऱ्याचे. इथले पहिले २०१६ साली दक्षिण कोरियाहून आले, आणि सगळे गार खोलीत राहतात. जरूर बघा, माझं काही म्हणणं नाही. पण ट्रान्स-हार्बर लोकलच्या रुळांपलीकडे, ऐरोलीच्या खाडीत, ज्यांना कुणी आणलेलं नाही असे रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, दरवर्षी येतात, आणि आपल्यातल्या अर्ध्या लोकांनी ते फक्त ऐरोली पुलावरून, गाडीच्या काचेतून पाहिलेत. तिथे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि केंद्राच्या धक्क्यावरून बोट सुटते. प्राणिसंग्रहालयाला जाताना बॅग भरली की तयारी झाली. इथे बॅग सगळ्यात शेवटी. आधी महिना, मग तिथी, मग पोरांची समजूत.

महिन्याचं सोपं आहे. रोहित दिवाळीनंतर यायला लागतात. जानेवारीपासून खाडी भरलेली दिसते आणि पावसाच्या तोंडावर ते निघून जातात. त्यातले बरेच कच्छकडचे. जून ते सप्टेंबर त्यांच्यासाठी जाऊ नका. माझं मत विचाराल तर फेब्रुवारी. मार्च-एप्रिलमध्ये गर्दी असते, पक्ष्यांचीही आणि माणसांचीही, पण उघड्या बोटीत तासभर बसायचं तर ऊन सोसत नाही. मे महिन्याची सुट्टी पोरांना मोकळी असते खरी; आजी-आजोबांना त्या उन्हात नेऊ नका.

खरी मेख तिथीत आहे. रोहित खातात ते उघड्या पडलेल्या चिखलातलं आणि गुडघाभर पाण्यातलं, म्हणून त्यांना ओहोटी हवी. बोटीला तरंगायला पाणी हवं. या दोन्हींचा मेळ जेमतेम काही तास बसतो आणि भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, त्यामुळे बोटीची वेळही रोज वेगळी असते. केंद्राचे लोक ती काढूनच ठेवतात, पण आपल्याला रविवार निवडायचा असतो, म्हणून हिशोब स्वतः यावा. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशोब असा: भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा, तिला तीनाने गुणा, चाराने भागा, येईल तो पूर्ण भरतीचा तास. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सकाळी सहाला भरती, बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी, संध्याकाळी पुन्हा भरती. पौर्णिमा-अमावास्येला उत्तर अकरा-सव्वाअकरा येतं, म्हणजे पाणी भर दुपारी उतरायला लागतं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि ऐरोली खाडीच्या आतल्या अंगाला असल्यामुळे मुंबई बंदरापेक्षा इथे भरती थोडी उशिराच पोचते. तरी कोणत्या रविवारी पाणी सकाळच्या उन्हात उतरणार आणि कोणत्या रविवारी डोकं तापवणाऱ्या, एवढं घरबसल्या कळतं. पुढचं लक्षात ठेवा: उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, चिखल लांबवर उघडा पडतो. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, पाण्याची हालचाल कमी असते. सकाळची वेळ हवी की मोठा चिखल, ते तुम्ही ठरवा. मी सकाळ घेते, कारण तेव्हा ऊन पूर्वेकडून, आपल्या पाठीमागून येतं आणि भांडुपच्या बाजूचे पक्षी उजेडात दिसतात. दुपारनंतर त्याच दिशेला सगळ्या काळ्या आकृत्या.

तिथी ठरली की बोटीच्या जागा ऑनलाइन आरक्षित करून टाका, हंगामातले शनिवार-रविवार पटकन भरतात. केंद्राच्या सुट्टीचा वार तेव्हाच बघून घ्या. रविवारी निघणार असाल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉकची बातमी वाचा. ट्रान्स-हार्बरवर ब्लॉक असला तर ठाण्याहून ऐरोलीला बस किंवा रिक्षाच करावी लागेल. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला केंद्राचं पूर्ण सरकारी नाव सांगत बसू नका, ‘फ्लेमिंगो सेंटर’ म्हणा. मुलुंडकरांना पूल ओलांडला की झालं. बोट पाण्याच्या वेळेवर सुटते, तुमच्यासाठी थांबणार नाही, म्हणून अर्धा तास हातात ठेवा.

आता पोरांची समजूत. हे आदल्या रात्री जेवताना करा, धक्क्यावर नको. पिंजरा नाही, पाटी नाही, खायला घालायची वेळ नाही, आणि पक्षी आपल्याला हवे तिथे उभे राहणार नाहीत, हे आधी सांगून टाकलं की निम्मी कुरकुर मिटते. दुसरं, सगळे गुलाबी नसतात. पिल्लं राखाडी-तपकिरी असतात. गुलाबी रंग शेवाळ आणि बारीक कोळंबीसारख्या खाण्यातल्या रंगद्रव्यातून हळूहळू चढतो. तिसरं, दोन जातींतला फरक शिकवा, म्हणजे पोरांना काम मिळतं: मोठा रोहित उंच, फिकट, गुलाबी चोचीचं टोक काळं, धाकटा रोहित बुटका, रंग गडद, चोच जवळजवळ पूर्ण काळपट लाल. आपल्याकडे जास्त संख्या धाकट्याची. दोघेही मान खाली घालून, चोच उलटी करून पाणी गाळून खातात. २०२२ मध्ये बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) या खाडीतल्या सहा रोहितांना उपग्रहावरून माग काढणारी यंत्रं लावली, त्यातल्या एकाचं नाव ठेवलं ‘नवी मुंबई’. ही गोष्ट सांगितलीत की पोरं प्रत्येक पक्ष्याला ‘हाच का तो’ विचारणार, त्याची तयारी ठेवा.

मोठ्यांसाठी एवढंच. हा भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला, सुमारे १७ चौरस किलोमीटर, त्यात निम्म्याहून थोडी जास्त कांदळवनं, म्हणजे तिवरासारख्या खारफुटी झाडांची जंगलं. २०२२ मध्ये ठाण्याची खाडी रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेली. आणि हो, वास येतो. खाडीला शहराचं सांडपाणी मिळतं, तिवरांच्या मुळांत प्लॅस्टिक अडकलेलं दिसतं. ते लपवण्यात अर्थ नाही. नाकाला रुमाल लावून बसणारा एक तरी पाहुणा असतोच. त्याला आधीच कल्पना द्या.

बोटीची वेळ होईपर्यंत काठावर डोळे खाली ठेवा. मला विचाराल तर पैसे इथेच वसूल होतात. तिवराच्या झाडाखाली चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी शेकडो टोकं वर आलेली असतात, ती त्याची श्वास घ्यायची मुळं. फांदी न तोडता एखादं पान हलकेच उलटं करून बोट फिरवा. खरखरीत, पांढुरकं लागतं ते मीठ. खाऱ्या पाण्यातलं जास्तीचं मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकतं. मुळांच्या मधे बघत राहिलात तर चिखलाच्याच रंगाचे, डोक्यावर डोळे आलेले निवटे दिसतील, पंखांवर रेलून सरपटणारे, मधेच टुणकन उडी मारणारे. मासा पाण्याबाहेर चालतो हे पोरांना पेंग्विनपेक्षा जास्त आवडतं, असं माझं निरीक्षण आहे. (निवट्यांचं कालवण झकास होतं, हे काठावरच्या कोळणी सांगतील; पोरांसमोर विषय काढू नका.) एक नांगी अंगाएवढी मोठी असलेला छोटा खेकडा दिसला तर तो नर, आणि ती नांगी हलवतोय ती मादीसाठी. सावली हलली की सगळे बिळात. मग दोन-तीन मिनिटं पुतळ्यासारखं उभं राहायचं.

आता बॅग. दुर्बीण असेल तर ८ बाय ४२ ची न्या. १२ पट मोठं दाखवणारी कुणी देऊ केली तरी नको, हलत्या बोटीत चित्र थरथरतं आणि डोकं दुखतं. नसेल तरी अडत नाही, मोबाइलचा कॅमेरा पुरतो, फक्त चार्जिंग भरून न्या. टोपी नाडीची हवी, वारा टोपी उडवतो आणि बोट टोपीसाठी वळत नाही. पाणी स्टीलच्या बाटलीत. वेफर्सची पाकिटं घरी. शेंगदाण्याचा लाडू किंवा थालीपीठ डब्यात, तेही बोटीत नाही, उतरल्यावर. जुने बूट किंवा पट्ट्याच्या चपला, संध्याकाळची फेरी असेल तर डासांचं मलम. आजोबांचा गुडघा धरत असेल तर बोटीत चढण्या-उतरण्याबद्दल आधीच विचारून ठेवा. आणि सगळ्यांना आधी टॉयलेटला पिटाळा, बोटीत सोय नसते. लाइफ जॅकेट लहान मुलाला मापाचं आहे ना, हे ओढून बघा. मागून वर सरकत असेल तर दुसरं मागून घ्या.

बोटीत उभं राहून ओरडायचं नाही, टाळ्या वाजवून थवा उडवायचा नाही. उडालेला थवा फोटोत छान दिसतो, म्हणून लोक हे करतात आणि मला त्याचा राग येतो. पक्ष्यांची खाण्याची वेळ ओहोटीपुरतीच असते, ती आपण का खायची? नावाड्याला ‘अजून जवळ घ्या’ म्हणून गळ घालू नका. रोहित लांब असले तर शेकाट्या, तुतवार, वंचक, चित्रबलाक, वर घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार, यांच्याकडे वळा. नशीब असेल तर कांदळवनाच्या कडेला कोल्हाही दिसतो. पाणी कमी पडून फेरी रद्द होणं हेही इथे होतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, केंद्रातलं प्रदर्शन बघा.

आणि पाणी चढलेलं असताना पोचलात तर? भरतीत चिखल बुडतो तेव्हा रोहित खाडी सोडून नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळींवर विश्रांतीला जातात: एनआरआय वसाहतीमागे, टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेजवळ, डीपीएस शाळेमागच्या तलावात. ऐरोलीहून ठाणे-नेरूळ किंवा ठाणे-पनवेल लोकल पकडा, बदलावी लागत नाही. तिकडे बोट नाही, तिकीट नाही, काठावर उभं राहून बघायचं. फक्त टोपी आणि पाण्याची बाटली जवळ असू द्या, कारण त्या काठांवर सावलीचं झाड शोधावं लागतं.