द्यूतसभा वाचायची कशी: पंधरा दिवस, एक वही

महाभारतातून आयुष्यासाठी काही घ्यायचं असेल तर अठरा पर्वांवर एकदम झडप घालू नये. आदिपर्वापासून उत्साहाने सुरुवात करणारे बरेच जण वंशावळींतच अडकतात आणि ग्रंथ पुन्हा कपाटात जातो. एकच प्रसंग घ्यावा आणि तो पुरता वाचावा. सुरुवातीला सभापर्वातलं द्यूत सगळ्यात चांगलं, कारण तिथे प्रत्येक माणसाला थांबायची संधी मिळते आणि ती कोणी कशी घालवली हे ग्रंथ नीट दाखवतो.

आधी पाठ, म्हणजे ग्रंथाची कोणती आवृत्ती वाचायची ते, ठरवा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली चिकित्सित आवृत्ती, म्हणजे हस्तलिखितं ताडून ठरवलेला पाठ, १९६६ मध्ये पूर्ण झाली. त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं पाहिली गेली. या आवृत्तीत द्यूतपर्व म्हणजे सभापर्वाचे अध्याय ४३ ते ६५, आणि अनुद्यूतपर्व, म्हणजे पुन्हा मांडलेला डाव, ६६ ते ७२; ही सभापर्वाच्या आतली उपपर्वं. एकूण तीस अध्याय. रोज दोन वाचले तर पंधरा दिवस. जुनी मराठी भाषांतरं बहुधा महाभारताचे टीकाकार नीलकंठ चतुर्धर यांच्या पाठावर चालतात. तिथे अध्यायांचे आकडे जुळणार नाहीत, म्हणून आकडा शोधू नका, उपपर्वाचं नाव शोधा. कोणताही पाठ चालेल, पण मध्येच बदलू नका.

दोनशे पानी वही घ्या. डावं पान ग्रंथाचं, उजवं तुमचं. पंधरा दिवस उजव्या पानावर एक अक्षरही लिहायचं नाही. डावीकडे प्रत्येक अध्यायासाठी चारच नोंदी: कोण बोललं, त्याने काय मागितलं, त्याला काय ठाऊक होतं, आणि कोण गप्प बसलं. चौथी नोंद लोक हमखास विसरतात, आणि या प्रसंगाचा जीव तिच्यातच आहे.

डावं पान बिघडतं ते मालिका आणि कीर्तनांतून डोक्यात बसलेल्या दृश्यांमुळे. ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे द्रौपदीच्या तोंडचं वाक्य चिकित्सित आवृत्तीत नाही. वस्त्रहरणाच्या वेळी तिने कृष्णाला घातलेली हाकही मुख्य पाठात नाही. भक्तिपरंपरेत त्या हाकेचं स्थान मोठं आहे आणि ते तसंच राहू द्या. पण जे तुमच्या पुस्तकात छापलेलं नाही ते डाव्या पानावर उतरवू नका. नाहीतर ‘देव धावून आला’ एवढं लिहून मन मोकळं होतं आणि भरलेली सभा का उठली नाही हा प्रश्न तसाच राहतो.

चार जागी वेग कमी करा. पहिली, विदुर आमंत्रण घेऊन येतो ती. शकुनी फाशांत किती तरबेज आहे हे युधिष्ठिराला तेव्हाच माहीत असतं. दुसरी, पणांचा क्रम, म्हणजे युधिष्ठिराने एकामागून एक काय डावावर लावलं ते. आधी धन, मग नकुल, सहदेव, अर्जुन, भीम, मग स्वतः, आणि शेवटी, शकुनीने सुचवल्यावर, द्रौपदी. हा क्रम वहीत उभा लिहा आणि विदुराने मध्येच जीव तोडून दिलेला इशारा कुठे येतो तिथे खूण करा. तिसरी जागा द्रौपदीच्या प्रश्नाची: युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? भीष्म म्हणतात, ‘न धर्मसौक्ष्म्यात् सुभगे विवेक्तुं शक्नोमि’, धर्म सूक्ष्म आहे, मला निवाडा करता येत नाही. उघड बोलतो तो कौरवांतलाच विकर्ण, आणि कर्ण त्याला गप्प करतो. चौथी जागा धृतराष्ट्राने द्रौपदीला दिलेल्या वरांची. ती पहिल्या वराने युधिष्ठिराला सोडवते, दुसऱ्याने उरलेल्या चौघांना, आणि तिसरा मागत नाही. पुढच्या अनुद्यूतात गांधारी धृतराष्ट्राला सावध करते, तरी पुन्हा डाव मांडला जातो: बारा वर्षं वनवास, एक वर्ष अज्ञातवास.

सोळाव्या दिवशी उजवं पान उघडा. आपण कोणासारखे आहोत याचा विचार करताना विकर्ण किंवा विदुर चटकन सुचतो; तो बाजूला ठेवा. ज्याच्या जागी असणं सगळ्यात नकोसं वाटतं त्याच्यापासून सुरुवात करा, बहुतेकांच्या बाबतीत तो भीष्म किंवा धृतराष्ट्र निघतो. ‘अन्यायापुढे गप्प बसू नये’ असलं सुभाषित लिहिलंत तर खोडा. तारीख, जागा, माणसं आणि आपण न उच्चारलेलं वाक्य लिहा: सोसायटीची सभा, वाटणीच्या दिवशीची ओटी, ऑफिसातली मीटिंग. भाऊबंदांना दुर्योधन आणि स्वतःला पांडव ठरवण्यासाठी ही वही वापरली की ती तक्रारवही होते. पान अर्धं राहिलं तरी चालेल.

युधिष्ठिराबद्दल मात्र लगेच निकाल लिहू नका. ‘बोलावलं तर नाही म्हणायचं नाही हे त्याचं व्रत होतं’ एवढ्यावर बरेच वाचक थांबतात. वनपर्वात भीमाशी बोलताना तो स्वतः कबूल करतो की दुर्योधनाचं राज्य हिरावून घ्यायच्या इच्छेनेच आपण फासे हातात घेतले. ते वाचल्यावर पणांच्या क्रमाकडे पुन्हा पाहा. शेअर बाजारात बुडालेलं भरून काढायला आणखी पैसे घालणाऱ्याला तो क्रम समजावून सांगावा लागत नाही.

पुढचं वाचन वनपर्वाच्या अखेरच्या यक्षप्रश्नाचं. द्यूतात माद्रीचे मुलगे आधी पणाला लागले तेव्हा शकुनीने टोमणा मारला होता की भीम-अर्जुन तुला अधिक लाडके दिसतात. तळ्याकाठी चार भाऊ निपचित पडलेले असताना, एकच जिवंत होईल असं यक्ष सांगतो, आणि युधिष्ठिर नकुलाला मागतो: कुंतीचा एक मुलगा मी आहेच, माद्रीचाही एक राहू दे. हे वाचून झालं की वहीतलं पणांच्या क्रमाचं पान काढा आणि नकुलाच्या नावासमोर, दुसऱ्या शाईने, त्या दिवसाची तारीख घाला.