अपस्माराच्या झटक्याचा ईईजी वाचताना चेतापेशींचे स्पंदन कसे ओळखावे

अपस्माराच्या झटक्याची ईईजी पट्टी, म्हणजे डोक्यावर लावलेल्या तारांनी टिपलेला मेंदूतील विद्युत् हालचालीचा आलेख, पहिल्यांदा पाहणाऱ्याची एक समजूत सहज होते, ती अशी की रेघ जितकी उंच उसळली आहे तितक्या जास्त चेतापेशी त्या क्षणी पेटलेल्या असणार. ही समजूत कधी खरी ठरते, कधी अर्धीच खरी ठरते आणि कधी चक्क उलटी ठरते. आलेखाच्या कोणत्या भागात तिच्यावर भरवसा ठेवावा आणि कोणत्या भागात ठेवू नये, हे वैद्यकीय विद्यार्थ्यांना, ईईजी तंत्रज्ञांना आणि घरात अपस्माराचा रुग्ण असल्यामुळे हा विषय समजून घेऊ पाहणाऱ्यांना उमजावे, यासाठी ही पद्धत क्रमाने मांडली आहे.

सुरुवात शब्दांपासून करावी, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. एका चेतापेशीने सोडलेल्या विद्युत् स्पंदालाही ‘स्पाइक’ म्हणतात आणि ईईजीच्या रेघेवर दिसणाऱ्या टोकदार उंचवट्यालाही ‘स्पाइक’च म्हणतात. पहिल्याला येथे स्पंद म्हणू आणि दुसऱ्याला टोक. दोहोंमधला फरक पट्टीवर मोजून पाहावा. ईईजी सामान्यतः सेकंदाला 30 मिलिमीटर या गतीने मांडला जातो. चेतापेशीचा स्पंद जेमतेम एक मिलिसेकंद टिकतो, म्हणजे या पट्टीवर त्याची रुंदी 0.03 मिलिमीटर भरेल, जी बारीक पेन्सिलीच्या रेघेपेक्षाही कितीतरी कमी आहे. उलट ज्याला टोक म्हणून मान्यता मिळते ते 20 ते 70 मिलिसेकंदांचे असते, म्हणजे पट्टीवर साधारण अर्धा ते दोन मिलिमीटर रुंद. तेव्हा ईईजीतले एक टोक म्हणजे एका पेशीचा एक स्पंद, हे शक्यच नाही. एका टोकाच्या अवधीत एकच पेशी अनेक स्पंद सोडू शकते, आणि अजिबात न सोडताही राहू शकते.

मग रेघ कशाने हलते? मेंदूच्या बाह्यपटलात पिरॅमिडल पेशी, म्हणजे त्रिकोणी मनोऱ्याच्या आकाराच्या चेतापेशी, एकमेकींना समांतर, उभ्या रांगांत रचलेल्या असतात. त्यांच्या चेतासंधींवर, म्हणजे दोन पेशी जिथे भेटतात त्या जागी, इतर पेशींकडून संदेश आले की पेशीच्या आवरणातून विद्युत् प्रवाह वाहतो आणि त्याचा परिणाम दहा-वीस मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक काळ रेंगाळतो. हजारो समांतर पेशींमध्ये हे एकाच वेळी घडले की परिणामांची बेरीज होते, आणि ती बेरीज कवटीपलीकडे काही दहा मायक्रोव्होल्ट एवढी उरते. स्पंद पेशीच्या आत सुमारे 100 मिलिव्होल्टचा असला तरी तो इतका क्षणिक असतो आणि अंतराबरोबर इतका झपाट्याने विरतो, की त्यांची बेरीज डोक्याच्या त्वचेपर्यंत क्वचितच पोहोचते. दिंडी दूर असताना टाळांचा एकत्रित ठेका तेवढा कानी येतो, एखाद्याने अधेमधे वाजवलेला टाळ येत नाही, तसेच काहीसे हे आहे. म्हणून पट्टीवर बोट ठेवताना मनाशी म्हणावे की ही रेघ मुख्यतः पेशींना काय मिळते आहे ते सांगते. पेशी पुढे काय पाठवत आहेत ते तिच्यावरून ताडावे लागते. जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बेर्गर यांनी 1924 मध्ये माणसाचा पहिला ईईजी नोंदवला आणि 1929 मध्ये तो प्रसिद्ध केला, तेव्हापासून या विद्येची ताकद आणि मर्यादा दोन्ही या एका गोष्टीत सामावलेल्या आहेत.

सरावासाठी पहिले उदाहरण लहान मुलांमधल्या ॲब्सेन्स झटक्याचे घ्यावे, कारण तिथे पेशी आणि रेघ यांची जुळणी सर्वांत स्वच्छ दिसते. मुलाला दोन-तीन मिनिटे जोरजोराने श्वास घ्यायला सांगितले की झटका बरेचदा तपासणीच्या खोलीतच येतो. मूल बोलता बोलता थांबते, नजर स्थिर होते आणि काही सेकंदांनी जणू काही घडलेच नाही असे ते पुन्हा बोलू लागते. पट्टीवर त्या वेळी दोन्ही बाजूंना, सेकंदाला साधारण तीन या गतीने, टोक आणि त्यामागे रुंद लाट अशी जोडी उमटत राहते. बॉस्टनमध्ये गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी 1935 मध्ये वर्णन केलेली रचना ती हीच. पट्टी ठेवून ही जोडी मोजावी. सेकंदाला तीन म्हणजे प्रत्येक जोडी बरोबर एक सेंटिमीटरची. त्यातला सुरुवातीचा अरुंद भाग टोकाचा आणि उरलेला, बराच मोठा भाग लाटेचा. आता प्रत्येक टोकाखाली पेन्सिलीने पाच-सहा बारीक उभ्या रेघा माराव्यात आणि लाटेखालची जागा कोरी ठेवावी. प्राण्यांच्या मेंदूत पेशीच्या आतली नोंद आणि ईईजी एकाच वेळी घेतले असता साधारण हेच चित्र मिळाले आहे: टोकाच्या वेळी पेशी स्पंदांचा छोटा झुबका सोडतात, आणि लाटेच्या वेळी त्या गप्प असतात. पट्टीवर सर्वांत जास्त जागा व्यापणारी, डोळ्यांत भरणारी ती लाट म्हणजे शांततेचा अवधी आहे. हे एकदा हाताने काढून पाहिल्याशिवाय मनात ठसत नाही, असे मला वाटते. प्रत्येक पेशी प्रत्येक टोकाला हजेरी लावतेच असेही नाही. काही पेशी मधली टोके चुकवतात. या झटक्यात बाह्यपटल आणि थॅलॅमस (मेंदूच्या आतल्या भागातले संदेश पुढे पाठवणारे केंद्र) यांच्यात ठेका सतत फिरता राहतो, आणि थॅलॅमसच्या पेशींमधले टी प्रकारचे कॅल्शियम मार्ग (कॅल्शियम पेशीत शिरण्याच्या वाटा) रोखणारे एथोसक्सिमाइड हे औषध इथे उपयोगी पडते, ते त्यामुळेच.

मोठ्या झटक्यातही हा धडा लागू पडतो. शरीर ताठ होते त्या टप्प्यात पेशी अखंड पेटलेल्या असतात. पुढे हातपाय हिसके देऊ लागतात तेव्हा प्रत्येक हिसक्याबरोबर टोकांचा झुबका येतो आणि हात सैल पडतो तेव्हा संथ लाट येते. मात्र डोक्यावरच्या नोंदीत या वेळी आखडलेल्या स्नायूंचा विद्युत् गोंगाट इतका मिसळतो, की पट्टीवरची दाट, वेगवान रेघ पेशींची समजण्याची चूक हमखास होते. जबड्याच्या आणि कपाळाच्या स्नायूंजवळच्या तारा आधी तपासाव्यात.

आता खरा अवघड भाग, म्हणजे मेंदूच्या एका जागी सुरू होऊन पसरणारा झटका. औषधांनी आटोक्यात न येणाऱ्या अपस्मारात शस्त्रक्रियेपूर्वी काही रुग्णांच्या मेंदूत तारा बसवून अनेक दिवस नोंद घेतली जाते, आणि काही केंद्रांमध्ये रुग्णाच्या संमतीने त्यांच्याबरोबर सूक्ष्म सुयांची जाळीही बसवली गेली आहे. ही जाळी चार मिलिमीटर बाय चार मिलिमीटरची असते, तिच्यात 96 सुया नोंद घेतात, आणि सेकंदाला 30,000 वेळा विभव (विद्युत् दाब) मोजले जाते. अशा नोंदीपुढे बसल्यावर एकाच तारेचा संदेश दोन फिल्टरांतून काढावा. सुमारे 300 हर्ट्झच्या (सेकंदाला 300 आवर्तनांच्या) खालचा भाग म्हणजे ईईजीसारखे स्थानिक क्षेत्रविभव. त्याच्या वरचा भाग म्हणजे आसपासच्या पेशींचे स्पंद. दोन्ही एकाच कालरेषेवर, क्षेत्रविभव वर आणि स्पंद खाली, असे मांडावेत आणि एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारावा: वरच्या लाटेच्या ठराविक टप्प्याला खालचे स्पंद बांधलेले आहेत का?

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील कॅथरीन शेव्हन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये हाच प्रश्न लावून धरला. त्यांना झटक्याचे दोन प्रदेश आढळले. गाभ्यात पेशींच्या अखंड, तीव्र स्पंदनाची एक अरुंद आघाडी सरकत जाते, सेकंदाला एक मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे चार मिलिमीटरची ती जाळी ओलांडायलाही तिला काही सेकंद लागतात. आघाडी पुढे गेली की मागे उरलेल्या पेशी लयीत झुबके सोडू लागतात, आणि ते झुबके वरच्या लाटेशी घट्ट बांधलेले असतात. गाभ्याभोवतीच्या प्रदेशात मात्र वरची रेघ तितक्याच जोमाने उसळत असते, तिची लयही तीच असते, पण खालची रेघ पाहावी तर स्पंद तुरळक आणि विस्कळीत. झटक्याचे संदेश तिथे पोहोचत आहेत, चेतासंधींवर प्रवाह वाहत आहेत, म्हणून रेघ हलते. पण निरोधक पेशी, म्हणजे इतर पेशींना आवर घालणाऱ्या पेशी, त्या प्रदेशातल्या पिरॅमिडल पेशींना पेटू देत नाहीत. निरोधाचे हे धरण ज्या क्षणी फुटते, म्हणजे निरोधक पेशी थकतात, पेशींच्या आत क्लोराइड साचून निरोधाची धार बोथट होते आणि पेशींबाहेरचे पोटॅशियम नेहमीच्या सुमारे 3 वरून लिटरला 10 मिलिमोलपर्यंत चढते, त्या क्षणी आघाडी तिथेही शिरते.

डोक्यावरच्या किंवा मेंदूच्या पृष्ठभागावरच्या मोठ्या तारांना हा भेद सहसा दिसत नाही, कारण झटक्याच्या लाटा आघाडीच्या शेकडोपट वेगाने, सेकंदाला काही दहा सेंटिमीटर या गतीने, पसरतात आणि दोन्ही प्रदेश एकदमच नाचवतात. म्हणून पृष्ठभागावरच्या तारांच्या नोंदीत 80 ते 150 हर्ट्झची वेगवान लय शोधावी, आणि ती संथ लाटेच्या ठराविक टप्प्याला बांधलेली आहे का, हे पाहावे. तसे असेल तर त्या तारेखालच्या पेशी खरोखर झटक्यात सामील झाल्या असण्याची शक्यता बरीच वाढते. डोक्यावरच्या ईईजीत ही खूण शोधू नये. तिथे या पट्ट्यात स्नायूच जास्त बोलतात.

स्पंद वेगळे करून एकेका पेशीच्या नावावर टाकण्याचे काम ज्यांना करायचे आहे, त्यांनी आणखी एक जपावे. आघाडी पोहोचली की पेशीच्या स्पंदाचा आकारच बदलतो. तो ठेंगणा आणि पसरट होतो. संगणकाने शांत वेळी शिकलेला नमुना त्याच्याशी जुळत नाही, आणि पेशी गप्प झाली असा खोटा निष्कर्ष निघतो. खरोखर गप्प होणाऱ्या पेशीही असतात: आवरणावरचे विभव फार वेळ वर राहिले की सोडियम मार्ग मिटून जातात आणि पेशी उत्तेजित असूनही स्पंद सोडू शकत नाही. या दोहोंत फरक करायचा तर आकार क्रमाक्रमाने कसा बदलत गेला, ते डोळ्यांनी तपासावे लागते. त्याला जवळची वाट नाही.

शेवटी सपाट रेघेकडे वळावे. झटक्याच्या सुरुवातीला अनेकदा रेघ अचानक बसते आणि तिच्यावर बारीक, वेगवान थरथर उमटते. ही शांतता नव्हे. लय फुटल्यामुळे बेरीज होत नाही एवढेच. पेशी काम करत असतात, आणि काही रुग्णांत तर निरोधक पेशींचे स्पंदन याच वेळी वाढलेले आढळले आहे. संशोधक ट्रुकोलो आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखवले की सुरुवातीला शेजारशेजारच्या पेशींचेही वागणे सारखे नसते: कोणी वेग वाढवते, कोणी थांबते. त्याच नोंदींत झटका संपताना मात्र जवळजवळ सर्व पेशी एकदमच थांबल्या. तेव्हा झटक्यानंतरच्या सपाट रेघेखाली पेन्सिलीने काही काढू नये; तिथली जागा खरोखर कोरी असते.