पिंप भरलेलं, तरी पाणी अंगणातच?

छताचं पाणी पिंपात घेतो, तरी जोराचा पाऊस आला की अंगण तुंबतंच. कारण साधं आहे: पिंप आधीच्या पावसाने भरलेलंच असतं. 1 चौरस मीटर छतावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 50 चौरस मीटर छताखाली 200 लिटरचं पिंप जेमतेम 4 मिलिमीटर पावसातच काठोकाठ भरतं!

म्हणून पिंप दोन सरींच्या मध्ये आपोआप रिकामं होऊ द्यायचं.

1. पिंपाच्या मध्यावर एक छोटा नळ बसवा. खालचं अर्धं पाणी झाडांसाठी राहील, वरचं अर्धं पुढच्या सरीसाठी मोकळं होईल.
2. नळाला पाइप जोडून तो झाडांच्या वाफ्यात, भिंतीपासून निदान 3 मीटर लांब, उताराच्या दिशेने सोडा.
3. पिंप भरलेलं असताना नळ इतकाच उघडा, की लिटरची बाटली भरायला 10 मिनिटं लागतील. पाणी उतरेल तशी धार बारीक होते, त्यामुळे वरचा भाग साधारण दीड दिवसात उतरतो. एवढ्या सावकाश आलेलं पाणी माती बहुधा जिरवते. चिकणमाती असेल तर धार आणखी कमी करा.

बारीक धारेचा नळ कचऱ्याने पटकन चोंदतो, तेव्हा पन्हाळीच्या तोंडाशी जाळी हवीच. (माझा दोनदा चोंदला, मग शहाणपण आलं.)

पिंपाचं तोंड मात्र डास शिरणार नाहीत अशा बारीक जाळीने झाका, कारण खालचं पाणी साचूनच राहतं.