वजिराचा बळी आणि शेवटच्या ओळीवरची मात: कोडी कशी सोडवावीत

बुद्धिबळाची कोडी सोडवायला बसणाऱ्याला पहिला सल्ला हमखास मिळतो: 'आधी वजीर कुठे मारायला देता येईल ते बघ.' हा सल्ला विसरा. त्यामुळे माणूस पटावर दिसेल तिथे वजीर फेकायला लागतो, दहातली चार कोडी नशिबाने सुटतात आणि प्रत्यक्ष डावात वजीर फुकट जातो. वजिराचा बळी शोधायचा नसतो. शेवटच्या ओळीचा, म्हणजे राजा उभा असतो त्या पटाच्या काठावरच्या ओळीचा, हिशेब नीट मांडला की तो आपोआप समोर येतो.

मोहऱ्यांच्या चाली आणि घरांची नावं तुम्हाला येतात असं धरून चालतो. शक्य असेल तर खरा पट मांडा.

१. राजा कोंडलेला आहे का?

राजा जी८ वर आणि प्यादी एफ७, जी७, एच७ वर असली, तर आठव्या ओळीवरचा हत्तीचा शह त्याला जीवघेणा ठरतो. एच७ चं प्यादं एच६ वर सरकलेलं असेल तर एच७ ही पळवाट खुली आहे. पण त्या घरावर तुमच्या उंटाची नजर असेल तर ती बंदच समजा.

२. आठव्या ओळीवर कोणाचा जोर किती?

इथे मोजणी करायची, आणि ती बोटावर करण्याइतकी सोपी आहे. पांढरे: राजा जी१, वजीर ई४, हत्ती ई१, प्यादी एफ२, जी२, एच२. काळे: राजा जी८, हत्ती डी८, वजीर बी२, प्यादी एफ७, जी७, एच७. खेळी पांढऱ्याची. ई८ या घरावर पांढऱ्याचे दोन मोहरे रोखलेले आहेत, वजीर आणि त्याच्या पाठीमागे हत्ती. काळ्याचा जोर एकाच हत्तीचा. म्हणून वजीर ई८ वर, शह. काळ्या हत्तीला तो मारावाच लागतो. मग पांढरा हत्ती ई८ वर मारतो आणि मात.

आता काळा वजीर बी२ वरून उचलून बी५ वर ठेवा. तिथून तो तिरका ई८ वर बघतो. जोर दोनास दोन झाला आणि तीच चाल आत्मघातकी ठरली.

बहुतेक लोक इथवर येतात आणि थांबतात. वजीर आता ए३ वर ठेवून बघा. ए३ वरून ई८ वर त्याचा काहीच जोर नाही, त्यामुळे मोजणी म्हणते की बळी चालेल. पण वजीर ई८, हत्तीने मारला, हत्तीने मारला, शह. आणि काळा वजीर एफ८ वर आडवा येतो. पांढरा हत्ती वजीर मारतो, राजा हत्ती मारतो. दोन्हीकडून वजीर गेले, हत्ती गेले, मात कुठेच नाही. म्हणून शह देणाऱ्या घराबरोबर, त्या घरापासून राजापर्यंतची मधली रिकामी घरंही मोजायची. तिथे कोण आडवा येऊ शकतो, हे बघितल्याशिवाय वजिराला हात लावू नका.

३. राखणदाराला हलवा

हीच खरी अवघड पायरी. मलाही ती सगळ्यात उशिरा जमली, आणि शिकवणारेही नेमकी हीच घाईत उरकतात.

मोजणी केल्यावर बहुतेक वेळा असं दिसतं की शेवटच्या ओळीची राखण एकटा वजीर किंवा एकटा हत्ती करतोय. तो तिथून हलला की मात. मग त्याला हलवायचं कसं? त्याला काहीतरी मारायला देऊन, आणि पुष्कळदा ते काहीतरी म्हणजे आपला वजीर. पण वजीर तिथे गेल्यावर शह बसेलच असं नाही. 'सगळे शह आधी तपासा' हा दुसरा लाडका सल्ला इथे कुचकामी ठरतो. शह नसलेली चाल बघायची सवय नसेल तर हे कोडं दिवसभर समोर ठेवूनही सुटणार नाही.

यासाठी १९१४ साली मॉस्कोत झालेल्या बर्नस्टाइन आणि कापाब्लांका यांच्या डावाचा शेवट मांडा. पांढरे (बर्नस्टाइन): राजा जी१, वजीर ई२, हत्ती सी३, प्यादी ए२, ई३, एफ२, जी२, एच२. काळे (कापाब्लांका): राजा जी८, वजीर बी६, हत्ती डी८, प्यादी ए७, एफ७, जी७, एच७. खेळी काळ्याची.

हत्ती डी१ वर गेला तर ई२ चा वजीर त्याला मारतो. म्हणजे राखणदार तोच, एकटाच. शहाच्या मागे लागलेला खेळाडू वजीर बी१ वर नेतो. पांढरा वजीर एफ१ वर आडवा येतो, आणि आता हत्ती डी१ वर नेऊन त्याला बांधून टाकावं, म्हणजे जागचा हलू देऊ नये, असा मोह होतो. नेला, तर पांढरा हत्ती सी८ वर शह देतो, काळा हत्ती धावत डी८ वर येतो, तो मारला जातो आणि मात काळ्यावरच होते.

कापाब्लांकाने वजीर बी२ वर ठेवला. शह नाही, काही मारलंही नाही. पांढऱ्या वजिराने तो मारला की डी१ मोकळं, हत्ती डी१ वर, मात. बर्नस्टाइनने तिथेच डाव सोडला.

इथे 'सुटलं!' म्हणून पान उलटू नका. प्रतिस्पर्धी वजीर मारायला बांधील नाही. कोड्याचं खरं उत्तर म्हणजे तो न मारल्यावर काय होतं ते. एकेक बघा.

वजीर ई१ वर मागे गेला, तर काळा वजीर सी३ चा हत्ती मारतो. त्याला मारायला पांढरा वजीर आला की ई१ सुटलं: हत्ती डी१ वर, शह, वजीर परत ई१ वर आडवा, हत्तीने मारला, मात.

हत्ती सी२ वर आला, तर वजीर बी१ वर शह, वजीर एफ१ वर आडवा, आणि सी२ चा हत्ती फुकट.

हत्ती सी८ वर गेला, तर सांभाळा. ई२ चा वजीर मारण्याचा मोह झाला की पांढरा हत्ती डी८ वर मारून मात करतो, कारण ई३ चं प्यादं मधे असल्यामुळे काळा वजीर ई८ वर परत येऊ शकत नाही. सी८ चा हत्ती मारला तर बी२ चा वजीर जातो. म्हणून आधी वजीर बी१ वर, शह. पांढरा वजीर एफ१ वर येतो, तिथे वजीर मारून पुन्हा शह, राजा मारतो, आणि मग निवांतपणे सी८ चा हत्ती मारायचा.

सगळ्यात सुंदर बचाव म्हणजे वजीर डी३. तिथे तो चक्क हत्तीच्या तोंडात येतो. मारलात, तर पुन्हा हत्ती सी८, शह, आणि मात काळ्याला. इथे वजीर ए१ वर नेऊन शह द्यायचा. वजीर एफ१ वर आडवा आला की सी३ चा हत्ती आपला.

या चारही फांद्या न मांडता केवळ 'वजीर बी२' एवढं उत्तर लिहिणाऱ्याला मी अर्धेही गुण देणार नाही. तो डावात ती चाल खेळेल, समोरचा वजीर डी३ वर ठेवेल, आणि हा आनंदाच्या भरात तो मारून मोकळा होईल.

४. आपल्या राजाची शेवटची ओळ

वरच्या डावात दोन्ही राजे सारखेच कोंडलेले होते, म्हणूनच एवढी काळजी. १९२० साली न्यू ऑर्लिन्समध्ये झाल्याचं सांगितलं जातं तो ॲडम्स आणि तोरे यांचा डावही असाच. तो खरंच खेळला गेला का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे, पण सरावाला त्याच्यासारखा डाव नाही. पांढरा आपला वजीर पुन्हापुन्हा मारायला देतो आणि काळ्याला तो घेता येत नाही, कारण घेतला की ई८ ची राखण सुटते. मधे एकदा पांढऱ्याने बी७ चं प्यादं घाईत मारलं असतं, तर काळ्यानेच ई२ वर वजिराचा बळी देऊन पहिल्या ओळीवर मात केली असती. म्हणून तिथे आधी ए४ ही प्याद्याची चाल लागते.

५. सुटलेलं कोडं बिघडवा

नवीन दहा कोडी सोडवण्यापेक्षा सुटलेल्या एकाच कोड्यातलं एक प्यादं हलवून बघा. कापाब्लांकाच्या पटावर पांढऱ्याचं एच२ चं प्यादं एच३ वर ठेवा. आता वजीर बी२ वर गेला तर पांढरा तो खुशाल मारतो. डी१ च्या शहाला राजा एच२ वर निघून जातो. ते प्यादं जागेवर परत ठेवा आणि काळ्याचं एच७ चं प्यादं एच६ वर सरकवा. आता वजीर डी३ वर आला तर हत्तीने बेलाशक मारा. सी८ वर शह आला की राजा एच७ वर जातो आणि पांढऱ्याकडे पुढे काहीच उरत नाही.