रिब एकाच बैठकीत कापा

३०१८ हे संगणकाच्या आज्ञेने कापणारं छोटं सीएनसी मशीन जोडलं, कटर फिरवणारा स्पिंडल फिरला, पहिला चौकोन कापून झाला. इथपर्यंत सगळेच पोचतात, म्हणून फीड (कटर सरकायचा वेग), झीरो (मोजणीचा आरंभबिंदू) आणि कटरच्या जाडीची भरपाई यावर शब्द घालवत नाही. कोकणात बसून मॉडेल विमान कापणाऱ्याला माझं एकच सांगणं आहे: दोन्ही पंखांच्या सगळ्या रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आतल्या पट्ट्या, एकाच बैठकीत, एकाच जागी मुरलेल्या बाल्साच्या (अगदी हलक्या लाकडाच्या) शीटमधून कापा. अर्ध्या आज आणि अर्ध्या वेळ मिळेल तेव्हा, हे रत्नागिरी-मालवणात चालत नाही.

लाकूड हवेतला ओलावा ओढतं. तंतूंच्या दिशेने ते जवळजवळ हलत नाही, आडवं मात्र फुगतं. रिबमध्ये तंतू लांबीत धावतात, म्हणजे वाढते ती उंची. चिंब बाल्सा पूर्ण वाळवला तर वलयांच्या दिशेने साडेसात टक्के आकसतो, वलयांना आडवा तीनच टक्के. लाकडातला ओलावा जानेवारी ते जुलै आठेक टक्क्यांनी वाढला, तर ३० मिमी उंचीची रिब अर्ध्या मिमीहून जास्त वाढू शकते. ठिपक्यांची सी-ग्रेन शीट (रुंदी वलयांना आडवी येईल अशी चिरलेली) घेतलीत तर निम्म्याहून कमी, म्हणून रिबला तीच घ्या.

आता गंमत बघा. जानेवारीत कापलेल्या रिब आषाढात फुगलेल्या असतात, आज कापलेली अगदी मापात येते. फाईल तीच, कटर तोच, आणि शीटिंग, म्हणजे रिबवरचं पातळ आवरण, चिकटवताना पायरी. मग माणूस मशीनवर संशय घेतो, जीआरबीएलमधले (मशीन चालवणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्राममधले) स्टेप्स-पर-मिमी, म्हणजे एका मिमीला मोटरची किती पावलं हे आकडे, बदलतो, आणि तिथून पुढचा प्रत्येक भाग खरोखरच चुकायला लागतो. त्या आकड्यांना हात लावण्याआधी अॅक्रिलिकचा तुकडा कापून व्हर्नियर लावा. तो मापात आला तर मशीन निर्दोष आहे, गप्प बसा.

शीट मी झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवतो. कापायच्या दिवशीच बाहेर काढायची. प्लायची जाडीही त्याच दिवशी मोजायची, कारण ३ मिमी म्हणून विकलेला प्लाय क्वचितच ३ असतो. नेटवरून उतरवलेला तयार जी-कोड (मशीनला द्यायच्या आज्ञांची यादी) थेट चालवणाऱ्यांशी माझं पटत नाही. खाचा कोणाच्या तरी दुसऱ्याच प्लायच्या मापाच्या असतात. ड्रॉइंग घ्या, कोड स्वतः काढा.

व्हिडिओतले गुरू कोरड्या खोलीत बसलेले असतात. त्यापेक्षा आळीतल्या सुतारकाकांना विचारा, लाकूड किती मुरवायचं ते त्यांना कळतं. सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्याची होत, तो हलका म्हणून. पण बाल्साच्या जागी तो वापरायचा विचार नको, तरीही जडच पडतो.

मशीनच्या बेडवरचा, म्हणजे शीटखालचा, एमडीएफसुद्धा पावसात फुगतो. काम सुरू करण्याआधी वरून एक पातळ थर छिलून घ्या, नाहीतर एका कोपऱ्यात आरपार आणि दुसऱ्यात अर्धवट. दमट बाल्साच्या कडेला कुसळं येतात. डाऊनकट कटर (तंतू खाली दाबत कापणारा) लावा, उरलेली बारीक पॉलिश पेपरने जातात, घाबरू नका.

आणि लाईट. ती जाणारच. मोटर कुठे थांबली हे बोर्डाला आठवत नाही, म्हणून बेडमध्ये पिनचं एक भोक पाडून तिथेच शून्य धरा. लाईट आली की कटर त्या भोकावर आणायचा, झेड (कटरची उंची) पुन्हा टेकवायचा आणि जी-कोडच्या राहिलेल्या ओळीपासून पुढे. शीट मात्र जागची हलवू नका.